कारखाना बडोद्यात, सही दुसरीकडे

२८ ऑक्टोबर २०२४ ला बडोद्यातले रस्ते असे काही लख्ख झाडून काढले होते, की आपल्या महानगरपालिकेला एवढा झाडू चालवता येतो हे अनेकांना त्या दिवशीच कळलं. पंतप्रधान मोदी आणि स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी टाटा-एअरबसच्या सी-२९५ या लष्करी वाहतुकीच्या विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन केलं. हवाई दलाने मागवलेल्या ५६ विमानांपैकी १६ स्पेनहून तयार येणार, उरलेल्या ४० ची जुळणी इथं होणार. दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत सगळ्यांची छाती फुगली, माझीही फुगली. आदल्याच महिन्यात याच एअरबसने भारत आणि दक्षिण आशियासाठीचं आपलं नवं मुख्यालय दिल्लीला उघडलं होतं. त्याबद्दल बडोद्यात कुणी चकार शब्द काढला नाही. काढायचा कशाला? आपल्याला सवयच आहे.

हालोलला एमजीच्या गाड्या बनतात, कंपनीचा कारभार गुरुग्राममधून चालतो. सावली गावच्या कारखान्यातून आल्स्टॉमचे मेट्रोचे डबे बाहेर पडतात, भारतातलं मुख्यालय बंगळुरूत. पूर्वी एबीबीचं आणि आता हिताची एनर्जीचं ट्रान्सफॉर्मरचं काम माणेज्याला जुनं आहे. मुख्यालय तेही बंगळुरूत. जेसीबीच्या हालोलच्या कारखान्यात एप्रिल २०२२ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन येऊन यंत्रावर चढले, हात हलवले, फोटो जगभर गेले. कंपनीचं ठाणं मात्र फरीदाबादजवळ बल्लभगडला. बडोद्याच्या चाळीस-पन्नास किलोमीटरच्या टापूत जगातल्या मोठ्या कंपन्यांची कमी नाही. त्या कंपन्यांत निर्णय घेणारी माणसं इथं राहत नाहीत, एवढंच.

सुरसागरच्या काठावर संध्याकाळी हा विषय काढला की तीन उत्तरं हमखास मिळतात. आपला विमानतळ लहान. गुजरातेत दारूबंदी. आणि जे काही चांगलं येतं ते अहमदाबादवाले ओढून नेतात. तिन्हींत थोडंथोडं तथ्य आहे. पण तिन्ही उत्तरं ज्या प्रश्नाला दिली जातात तो प्रश्नच मला चुकीचा वाटतो. बडोद्याने मुख्यालयाच्या पाटीमागे धावू नये, सरकारनेही त्यावर पैसा उधळू नये. मागायचं ते दुसरंच काही आहे, आणि ते मिळण्यासारखं आहे.

आधी कंपन्या हे ठरवतात कसं ते बघू. कारखान्यासाठी जमीन, वीज, पाणी, बंदर, कामगार आणि सरकारी सवलती यांचा हिशेब कागदावर मांडता येतो, आणि त्या हिशेबात गुजरात बहुतेक वेळा वरच्या नंबरात येतो. मुख्यालयाचा हिशेब निराळा. तिथं शे-दोनशे माणसं बसणार. त्यांना एकरांनी जमीन नको असते. त्यांना हवी असतात आसपास दुसरी माणसं. मोठे खटले लढवणारे वकील, ऑडिटवाले, बँकांचे वरचे अधिकारी, मंत्रालयातले सचिव, आणि गरज पडली तर शेजारच्या कंपनीतून फोडता येतील असे मुरलेले मॅनेजर. शिवाय बायकोला किंवा नवऱ्याला नोकरी मिळावी, मुलांना परदेशी अभ्यासक्रमाची शाळा मिळावी, हेही आलंच. हे सगळं एका शहरात आधीपासून साठलेलं असलं की पुढची कंपनी तिथंच येते, आणि तिच्या येण्याने ते आणखी साठतं.

श्रीमंत देशांत या नियमातून सुटका आहे. वॉलमार्टसारखी अवाढव्य कंपनी अमेरिकेतल्या बेंटनव्हिलमध्ये नांदते, आणि बेंटनव्हिल बडोद्याजवळच्या आपल्या पादरा गावापेक्षा फार मोठं नव्हे. खेळणी बनवणाऱ्या लेगोचं डेन्मार्कमधलं बिलुंड तर त्याहून लहान. तिथं कोर्ट कुठलंही असो, करार कराराप्रमाणे चालतो. नियम बदलायचा झाला तर आधी सांगून बदलतो. आपल्यासारख्या देशांत एका परिपत्रकाचा अर्थ लावण्यात महिना जातो आणि तोवर कंटेनर न्हावा शेवाला पडून भाडं खात असतो. म्हणून बाहेरून आलेल्या कंपनीला अशा शहरात मुक्काम ठोकावा लागतो, जिथं अर्थ लावणारा माणूस गाठता येतो. हे शहर राजधानीच असायला हवं असं नाही. ब्राझीलची राजधानी ब्रासिलिया, पण कंपन्या साओ पावलोत. नायजेरियाची अबुजा, पण धंदा लागोसमध्ये. पैसा, वकील आणि जुन्या ओळखीपाळखी जिथं मुरल्यात तिथं. आपल्याकडे हे काम दिल्ली आणि मुंबईने वाटून घेतलंय. मंत्रालयं तिकडे, रिझर्व्ह बँक आणि सेबी इकडे. इंजिनीयरांच्या जोरावर बंगळुरूने तिसरी जागा मिळवली.

बडोद्याकडे असं एकही दार नाही. हायकोर्ट अहमदाबादला, कंपनी न्यायाधिकरणाचं खंडपीठ तिथंच, सचिवालय गांधीनगरला. नेहमीच असं नव्हतं. १९०७ मध्ये अलेम्बिक इथं उभी राहिली आणि १९०८ मध्ये सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बडोदा काढली, तेव्हा हे एका राज्याचं राजधानीचं शहर होतं. परवानगी देणारा, न्याय देणारा, भांडवल घालणारा, सगळे चालत जाण्याच्या अंतरावर. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि ही दारं एकेक करून उठून गेली. बँकेची मुख्य कचेरी कागदोपत्री अजून बडोद्यातच आहे, पण कॉर्पोरेट सेंटर मुंबईत बीकेसीला. नावातच बडोदा असलेल्या बँकेची ही गत, तर म्युनिक-पॅरिसच्या कंपनीने अलकापुरीत येऊन बसावं ही अपेक्षा जरा जास्तच होते.

विमानतळाची तक्रार सगळ्यांत खरी. युरोपातल्या शहरांवर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं निघालं की दुसऱ्या खंडांत थेट जाणारी विमानं दहा टक्क्यांनी वाढली, तर त्या शहरातली मोठ्या कंपन्यांची मुख्यालयं साधारण चार टक्क्यांनी वाढतात. गुरुग्रामचं निम्मं रहस्य त्यात आहे. बाकी निम्मं म्हणजे रिकामी जमीन, खासगी बिल्डर आणि ऐंशीच्या दशकात आलेला मारुतीचा कारखाना. आपल्याकडे २०१६ ला नवं टर्मिनल झालं, देखणंही आहे, पण फ्रँकफर्टला जायचं तर आधी मुंबई गाठावी लागते. बुलेट ट्रेन सुरू झाली की मुंबईचा विमानतळ जवळ येईल, हे खरं. मुंबईही जवळ येईल, हेही खरं. मग मुंबईतला साहेब सकाळी येऊन संध्याकाळी परत जाईल, आणि इथं बिऱ्हाड करण्याचं उरलंसुरलं कारणही संपेल. या बाजूचा विचार कुणी करताना दिसत नाही.

दारूबंदीचं कारण मला फारसं पटत नाही. सौदी अरेबियाने २०२१ मध्ये जाहीर केलं की १ जानेवारी २०२४ पासून ज्या परदेशी कंपनीचं त्या भागासाठीचं मुख्यालय सौदीत नसेल तिला सरकारी कंत्राट मिळणार नाही. वर तीस वर्षांची करमाफी. पाचशेहून जास्त कंपन्यांनी निमूट परवाने घेतले, आणि रियाधमध्ये संध्याकाळी ग्लास भरून मिळत नाही हे त्यांना आधीपासून माहीत होतं. म्हणजे गिऱ्हाईक मोठं असलं की कंपनी लिंबूपाण्यावरही राहते. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटी या आर्थिक केंद्रात डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने दारूचे नियम सैल केले. मुख्यालयांची रांग त्यामुळे लागेल असं मानायला मी तयार नाही. सौदीसारखी दमदाटीही आपल्याला झेपणारी नव्हे. तेवढी मोठी थैली आपल्या राज्य सरकारच्या हातात नाही, आणि केंद्राच्या हातात असली तरी तिचा फायदा दिल्लीलाच होईल. शांघायने २००२ पासून प्रादेशिक मुख्यालयांना सवलती देऊन हजारावर मुख्यालयं गोळा केली, हे उदाहरणही वारंवार दिलं जातं. पण शांघाय आधीच शांघाय होतं.

मग आलेलं मुख्यालय टिकतं का? त्याचं उत्तर माणेज्यातच आहे. बेअरिंग बनवणाऱ्या जर्मन कंपनीचा एफएजीचा कारखाना इथं साठच्या दशकापासून. एफएजी बेअरिंग्जचा भारतातला कारभार माणेज्यातूनच चालायचा. बडोद्यातल्या कित्येक मराठी घरांत कुणीतरी ‘एफएजीत’ होतं, लग्नाच्या बोलणीत ते नाव घेतलं की पुढचे प्रश्न कमी व्हायचे. २०१७ मध्ये कंपनीचं नाव शेफलर इंडिया झालं, २०१८ मध्ये पुण्याची आयएनए आणि होसूरची लूक या भावंड कंपन्या तिच्यात विलीन झाल्या. आज कॉर्पोरेट ऑफिस पुण्यात बाणेरला आहे. कारखाना इथंच, चालूही जोरात. यात कुणी बडोद्यावर डूख धरला असं मला वाटत नाही. तीन कंपन्यांची एक झाली, गाड्या बनवणारी गिऱ्हाइकं पुण्याच्या आसपास, वरची माणसं पुण्यात सहज मिळतात. कुणीही हेच केलं असतं. म्हणून तर म्हणतो, सरकारने सवलत देऊन एखादं मुख्यालय आणलं तरी पुढच्या विलीनीकरणात ते कुठं जाईल याचा भरवसा नाही. जमीन दिली तर निदान कारखान्याची भिंत तरी राहते.

‘मग राहू दे की मुख्यालय पुण्याला, नोकऱ्या तर इथं आहेत,’ असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी खरेदी विभागातला एक प्रसंग सांगतो, कारण माझं आयुष्य त्या खात्यात गेलं. एका परदेशी कंपनीच्या इथल्या कारखान्यात पंपाचा इम्पेलर, म्हणजे आतलं फिरणारं चाक, खराब झाला. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतला एक ओळखीचा वर्कशॉपवाला कास्टिंग मागवून, मशीनिंग करून, बॅलन्सिंगसकट दहा दिवसांत द्यायला तयार. दरही बरा. पण तो मंजूर व्हेंडरांच्या, म्हणजे पुरवठादारांच्या, यादीत नव्हता. यादीत नाव घालायचं तर मुख्यालयातल्या सोर्सिंग टीमने येऊन त्याचं शॉप पाहायला हवं. ही टीम बसायची दिल्लीकडे, आणि तिला एका इम्पेलरसाठी बडोद्याला येण्याचं काही कारण नव्हतं. प्लँट हेडला सहीचा अधिकार होता, पण यादीबाहेर एक रुपयाही खर्च करायचा नाही. शेवटी इम्पेलर आला तो मुख्यालयाच्याच गावातल्या एका व्हेंडरकडून, उशिरा आणि वाहतूक लावून. त्याचं शॉप टीमने पाहिलेलं होतं. जेवणाच्या सुट्टीत जाऊन परत येण्याइतकं ते जवळ होतं. मकरपुऱ्याचा तो माणूस मला म्हणाला, ‘‘साहेब, पुढच्या वेळी पंप बिघडायच्या आधी सांगा, म्हणजे दिल्लीला एक खोली घेऊन ठेवतो.’’

यात कुणाचा भ्रष्टाचार नव्हता, पक्षपातही नव्हता. नजरेसमोर असलेल्याला काम मिळतं, एवढीच गोष्ट. इम्पेलरच्या जागी ऑडिट घाला, वकिली घाला, कँटीनचं कंत्राट, प्रशिक्षण, सॉफ्टवेअर, जाहिरात, अगदी दिवाळीची मिठाई घाला. सामाजिक खर्चाचंही तेच. २०१३ च्या कंपनी कायद्यात नफ्याच्या दोन टक्क्यांचा नियम आहे, आणि कंपनी जिथं काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही लिहिलंय. पण परिसर कोणता हे ठरवणारी समिती जिथं बसते तिथलीच शाळा तिला आधी दिसते. आणि वाईट दिवस आले की हा हिशेब आणखी कडू होतो. अमेरिकेतल्या कंपन्यांच्या अभ्यासात दिसलंय की मुख्यालयाच्या राज्यातल्या लोकांवर कपातीची कुऱ्हाड कमी पडते. आपल्याला त्यासाठी अभ्यास वाचायची गरज नाही. जनरल मोटर्सने हालोलचा कारखाना बंद करण्याचं २०१५ मध्ये जाहीर केलं आणि एप्रिल २०१७ मध्ये तो बंद झाला. ज्यांनी ठरवलं त्यांना हालोलच्या बाजारात कुणी ओळखत नव्हतं.

एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा. मुख्यालय आलं की राज्याला करापोटी घबाड मिळतं, असं पुढारी भाषणात ठोकून देतात. कंपनीचा आयकर जातो केंद्राकडे, आणि त्यातला राज्यांचा वाटा वित्त आयोगाच्या सूत्राने ठरतो. कंपनीची पाटी कुठल्या शहरात आहे याला त्या सूत्रात काडीचं महत्त्व नाही. जीएसटी तर माल जिथं खपतो तिथं जातो. राज्याच्या हाती राहतो व्यवसाय कर, मुद्रांक शुल्क, आणि पालिकेचा घरपट्टीचा थोडा पैसा. एवढ्यासाठी कोट्यवधींच्या सवलती वाटणं म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार.

आता जे मिळण्यासारखं आहे त्या गोष्टीकडे येतो. जर्मनीच्या लिंडेची अभियांत्रिकी कंपनी, लिंडे इंजिनीयरिंग इंडिया, तिचं भारतातलं मुख्यालय बडोद्यात आहे. एल अँड टीने जपानच्या चियोडाबरोबर काढलेली डिझाइन कंपनी इथली. शिकागोच्या सार्जंट अँड लंडीबरोबर काढलेली वीजप्रकल्पांच्या डिझाइनची कंपनी, तीही इथल्याच नॉलेज सिटीत. यांना कुणी विमानतळ मोठा करून आणलं नाही. १९६५ ला कोयलीची रिफायनरी सुरू झाली, फर्टिलायझरनगरात खतं बनवणारी जीएसएफसी उभी राहिली, १९६९ ला आयपीसीएल ही पेट्रोकेमिकल्सची सरकारी कंपनी स्थापन झाली. या तिघींनी प्रोसेस इंजिनीयर, पाइपिंगवाले, प्रेशर व्हेसलचं डिझाइन करणारे यांच्या दोन पिढ्या इथं घडवल्या, आणि एम. एस. युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी त्यांत दरवर्षी भर घालत राहिली. ज्या कंपनीचा मालच मुळी ड्रॉइंग आहे, तिला ड्रॉइंग करणाऱ्यांच्या गावात राहणं भाग पडलं. रेसकोर्सवर चहाच्या टपरीशी उभे राहा. रिफायनरीच्या हीट एक्स्चेंजरवर वाद घालणारी माणसं आजही भेटतील. मुंबईत ती सापडतात, पण दुप्पट भाड्याच्या घरात आणि वर्षभरात नोकरी बदलण्याच्या तयारीत.

तेव्हा बडोद्याने संचालक मंडळ मागू नये. खरेदी मागावी, डिझाइनची मंजुरी मागावी, व्हेंडर पारखण्याचा अधिकार मागावा. सी-२९५ च्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. विमानाची जुळणी तीसेक वर्षांचा धंदा नव्हे, ४० विमानं झाली की पुढं काय हा प्रश्न आहेच. पण सुट्या भागांचा पुरवठादार पसंत करण्याचं आणि त्याला प्रमाणपत्र मिळवून देण्याचं काम इथं बसलं, तर मकरपुरा, वाघोडिया, सावलीतल्या शॉपवाल्यांचा धंदा विमानांच्या एका ऑर्डरपेक्षा लांब चालेल. इथल्या गतिशक्ती विश्वविद्यालयाचा एअरबसशी करार झालेलाच आहे. तिथून निघणारी मुलं नुसती जुळणीच्या लाइनवर जायची की पुरवठादार तपासणाऱ्या टीममध्ये, हे आत्ताच ठरवायला हवं.

राज्य सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये परदेशी कंपन्यांच्या सेवा-केंद्रांसाठी, ज्यांना सगळे जीसीसी म्हणतात, स्वतंत्र धोरण आणलं. किमान २५० केंद्रं आणि ५०,००० नोकऱ्या हे उद्दिष्ट. वेळ बरी निवडली. देशात अशी १,७०० हून जास्त केंद्रं झाली आहेत आणि बंगळुरू-हैदराबाद तुंबून गेलेत. पण या धोरणात मोजायचं काय, तर गुंतवणूक आणि माणसांची संख्या. पाचशे माणसं बसवून परदेशातल्या साहेबाची बिलं तपासणारं केंद्र आणि पन्नास माणसं बसवून बिलं मंजूर करणारं केंद्र, यांत पहिल्यालाच जास्त सवलत मिळणार. मला हे उलटं वाटतं. अर्जात आणखी एक रकाना हवा: या केंद्राच्या किंवा कारखान्याच्या प्रमुखाला वर न विचारता किती रुपयांपर्यंत सही करता येते, आणि नवा व्हेंडर यादीत घेता येतो का? ज्याचं उत्तर मोठं त्याला सवलत मोठी.

कंपन्या म्हणतील, अधिकार कुणाला किती द्यायचे ही आमच्या घरातली बाब. बरोबर आहे, जोवर पैसा घरचा आहे तोवर. सवलतीचा पैसा आमच्या करातून जातो, तेव्हा एवढं विचारायचा हक्क पोहोचतो. एखादा अधिकारी म्हणेल, कागदावर अधिकार दाखवतील आणि फोनवर दिल्लीला विचारतील, हे तपासणार कसं? तपासणं अवघड नाही. प्रत्येक पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, कुणी रिलीज केली, कुठल्या ऑफिसातून, आणि व्हेंडर कुठल्या पिनकोडचा, हे कंपनीच्या सॅप या सॉफ्टवेअरमध्ये नोंदलेलं असतं. सवलतीचा दुसरा हप्ता सोडण्याआधी तो वर्षभराचा रिपोर्ट मागवायचा आणि ३९० ने सुरू होणारे, म्हणजे बडोद्याचे, पिनकोड मोजायचे.